‘भावी आमदार’ आणि माझी पेन्शन

वाचकाचे पत्र (सारांश)

ठाणे परिसरातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत २००९ पासून शिकवणाऱ्या, ४१ वर्षांच्या शिक्षिकेचे हे पत्र आहे. त्यांचे पती ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका खासगी कंपनीत नोकरी करतात. सासरे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झाले असून त्यांना ईपीएस-९५ या खासगी नोकरदारांसाठीच्या केंद्रीय पेन्शन योजनेतून महिन्याला १,८४० रुपये पेन्शन मिळते. पुढच्या विधानसभेसाठी इच्छुक असलेले आणि सध्या चौकाचौकांतल्या फलकांवर ‘भावी आमदार’ म्हणून झळकणारे एक माजी नगरसेवक शिक्षक संघटनेच्या बैठकीला आले आणि ‘जुनी पेन्शन मिळवून दिल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही’ असे सांगून गेले. त्यानंतर संघटनेने प्रत्येक सभासदाकडून घरातल्या सर्व मतांचा ‘संकल्प’ लिहून मागितला आहे. पतींचे म्हणणे असे की, याच गृहस्थांनी नगरसेवक असताना सोसायटीच्या पाण्याचा प्रश्न पाच वर्षे भिजत ठेवला. शिवाय ‘आमच्या करातून तुम्हाला जन्मभर पेन्शन आणि माझ्या बापाला १,८४० रुपये, यासाठी मी मत का द्यायचे?’ मार्च २०२३ च्या संपात सातही दिवस सहभागी असलेल्या या बाई विचारतात की, स्वतःच्या पेन्शनसाठी मत देणे हा स्वार्थ आहे का, आणि न देणे ही सहकाऱ्यांशी बेइमानी ठरेल का? पत्राच्या अखेरीस जाता जाता त्यांनी लिहिले आहे: ‘जुनी पेन्शन येणारच असे सगळे म्हणतात, म्हणून पीपीएफमध्ये भरत होते ते दोन वर्षांपासून बंद केले आहे.’

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती त्या शेवटच्या वाक्यापाशी. त्याकडे येईनच, पण त्याआधी एक कबुली देणे मला भाग आहे. मी स्वतः जुन्या पेन्शनवर जगते. राज्य सरकारच्या एका कार्यालयात लेखाशाखेत ३४ वर्षे काढून मी निवृत्त झाले. महिन्याच्या सुरुवातीला बँकेचा संदेश येतो, महागाई भत्ता वाढला की आकडा थोडा फुगतो, आणि मी बाजारातल्या चढउतारांच्या बातम्या पान उलटून पुढे जाऊ शकते. ज्या गोष्टीसाठी तुम्ही सात दिवस रस्त्यावर बसलात, ती मला न मागता मिळाली, केवळ माझा जन्म तुमच्या आधी झाला म्हणून. माझे उत्तर वाचताना हे लक्षात असू द्या, आणि जिथे माझे बोलणे पोट भरलेल्या माणसाचे वाटेल तिथे खुशाल मला टोका.

२००६ साली आमच्या शाखेत रुजू झालेल्या एका मुलीची पहिली वेतनचिठ्ठी मीच तपासली होती. राज्याने ३१ ऑक्टोबर २००५ चा शासन निर्णय काढून १ नोव्हेंबर २००५ पासून नेमणूक होणाऱ्यांना जुन्या योजनेतून वगळले होते आणि त्यांच्यासाठी परिभाषित अंशदान योजना, म्हणजे तुम्ही ज्याला डीसीपीएस म्हणता ती, आणली होती. त्या चिठ्ठीकडे बोट दाखवून तिने विचारले, ‘ही कपात कशाची?’ मी म्हटले, ‘ही तुझी पेन्शन.’ ती म्हणाली, ‘आणि तुमची कपात?’ माझ्या चिठ्ठीवरही कपात होती, पण ती भविष्यनिर्वाह निधीची. माझीच बचत, व्याजासह मलाच परत मिळणारी. पेन्शनसाठी माझ्या पगारातून एक रुपयाही जात नव्हता. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी तिला चहा पाजला. सरकारी कार्यालयात उत्तर नसले की आपण एवढेच करतो.

हे सांगितले ते अशासाठी की, तुमची मागणी मला अवाजवी वाटत नाही. एकाच फळ्यावर एकाच पाठ्यपुस्तकातून शिकवणाऱ्या दोन शिक्षकांपैकी एकाला शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता, तर दुसऱ्याला बाजार देईल ते, हा भेद सलणारच. तुमच्याकडून मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के कापले जातात, सरकार आता १४ टक्के घालते, आणि निवृत्तीच्या वेळी साठलेल्या रकमेपैकी किमान ४० टक्क्यांतून वार्षिकी, म्हणजे एकरकमी पैसे भरून आयुष्यभर ठरावीक रक्कम देणारी योजना, घ्यावी लागते. समजा ६० लाख साठले आणि २४ लाखांची वार्षिकी सहा टक्क्यांनी घेतली, तर महिन्याला १२,००० रुपये हाती येतात, आणि ते साधारणपणे तेवढेच राहतात. उरलेले ३६ लाख हाती असतात हे खरे, पण ते सांभाळण्याची जबाबदारीही तुमचीच. याउलट ७०,००० मूळ वेतनावर निवृत्त झालेल्याला जुन्या योजनेत ३५,००० रुपये आणि वर वाढता भत्ता मिळतो.

मागणी रास्त आहे हे मान्य करूनही, ती मागणी उच्चारणारा माणूस आपला, हे मात्र मला आपोआप पटत नाही. तुमच्या पत्रात एक गृहीतक दडलेले आहे की, पेन्शनच्या बाजूचे आणि पेन्शनच्या विरोधातले असे उमेदवारांचे दोन सरळ गट आहेत. इतिहास तसे सांगत नाही. केंद्रात कपातीची ही नवी योजना आणली ती वाजपेयी सरकारने, डिसेंबर २००३ च्या अधिसूचनेने, १ जानेवारी २००४ पासून. महाराष्ट्रात ती लागू केली काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने, विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना. तिला कायद्याचा पाया देणारा पीएफआरडीए (पेन्शन निधी नियामक प्राधिकरण) कायदा २०१३ साली मनमोहन सिंग यांच्या काळात झाला आणि भाजपनेही त्याला पाठिंबा दिला. त्यानंतर आपल्या राज्यात जवळजवळ प्रत्येक मोठा पक्ष केव्हा ना केव्हा सत्तेत बसून गेला आणि तुमच्या वेतनचिठ्ठीवरची ती ओळ तशीच राहिली.

हललेली भूमिका पाहायची असेल तर २०२२ च्या डिसेंबरपासून पाहा. नागपूर अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी पेन्शन लागू केल्यास १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि ती देता येणार नाही, असे सांगितले. पुढच्याच महिन्यात शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुका होत्या, त्यांत आपला कोकण शिक्षक मतदारसंघही होता. प्रचारात हाच सूर ‘आम्ही नकारात्मक नाही’ इथपर्यंत मऊ झाला. १४ मार्च २०२३ ला तुमचा संप सुरू झाला, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’च्या घोषणांनी जिल्ह्याजिल्ह्यांतली कार्यालये दणाणली, तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली आणि २० तारखेला संप मिटला. मार्च २०२४ मध्ये विधिमंडळात सुधारित योजना जाहीर झाली. तीत शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतन, त्यावर महागाई वाढ, आणि मागे राहणाऱ्याला त्या निवृत्तिवेतनाच्या ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन देण्याचे मान्य झाले. २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी, रविवार असूनही, राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारली.

कोणी शब्द फिरवला म्हणून हसण्यासाठी हा क्रम मी मांडलेला नाही. राजकारणी माणसाने दबावाखाली मत बदलणे हे लोकशाहीत मला अजिबात वाईट वाटत नाही. पण दबाव कोणाचा होता ते पाहा. हे सगळे घडवून आणणाऱ्यांत एखाद्या उमेदवाराचे ‘स्वस्थ बसणार नाही’ हे वाक्य कुठेही नव्हते. होता तो सात दिवस बंद राहिलेल्या कचेऱ्यांचा आणि शाळांचा भार, आणि निवडणुकीचा हिशेब करणाऱ्या सर्वच पक्षांची धास्ती. त्यात तुमचा वाटा तुम्ही आधीच उचललेला आहे.

आता त्या गृहस्थांच्या वाक्याकडे येऊ. ‘जुनी पेन्शन मिळवून देईन.’ कोणती? १९८२ च्या नियमांतली, कपात नसलेली? की निम्म्या वेतनाची हमी देणारी पण १० टक्के कपात चालू ठेवणारी सुधारित योजना? की केंद्राची एकीकृत, ज्यात २५ वर्षे सेवा झालेल्याला अखेरच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे मिळते आणि किमान १०,००० रुपयांची हमी १० वर्षांच्या सेवेनंतर आहे? आणि कोणाला? जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने अशा कर्मचाऱ्यांना जुन्या योजनेचा विकल्प दिला, ज्यांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची पण नेमणूक नंतरची होती. तुमची नेमणूक २००९ ची, म्हणून तो निर्णय तुम्हाला लागू नाही; पण उद्या कोणी त्याकडे बोट दाखवून ‘बघा, दिली की नाही’ असे म्हणू शकेल, आणि ते खोटेही नसेल.

मिळवून कसे देणार, हाही प्रश्न आहे. राज्याच्या तिजोरीवर खर्च टाकणारे विधेयक राज्यपालांच्या शिफारशीवाचून सभागृहात संमत होत नाही, म्हणजे व्यवहारात ते सरकारनेच आणावे लागते. एकट्या आमदाराच्या हाती प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी सूचना, अशासकीय ठराव, कपात सूचना एवढी आयुधे असतात. ती कमी नाहीत. नेटाने वापरणारा आमदार सचिवांना घाम फोडतो. म्हणून मला हे गृहस्थ ‘मिळवून देईन’च्या ऐवजी ‘पहिल्याच अधिवेशनात अमुक विचारेन’ असे म्हणाले असते तर अधिक भरवसा वाटला असता.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे मर्म वेळेच्या हिशेबात आहे, आणि त्याबद्दल सभांमध्ये कोणीच बोलत नाही. तुम्ही ५८ व्या वर्षी निवृत्त व्हाल, म्हणजे अजून १७ वर्षांनी. तोवर विधानसभेच्या किमान तीन निवडणुका होतील. नोव्हेंबर २००५ नंतर पंचविशीत लागलेली पहिली मोठी तुकडी निवृत्त व्हायला लागेल ती २०३८ च्या सुमारास. आज एखाद्या सरकारने जुनी योजना परत आणली, तर त्या सरकारचा खर्च वाढतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात पहिली काही वर्षे तो कमी होतो, कारण दरमहा भरायचे १४ टक्के थांबतात. बिल येते ते पंधरा-वीस वर्षांनी, तेव्हाच्या मुख्यमंत्र्यापुढे, तेव्हाच्या करदात्यापुढे, म्हणजे बहुधा तुमच्या आजच्या विद्यार्थ्यांपुढे. रिझर्व्ह बँकेने राज्यांच्या अर्थस्थितीवरच्या अहवालात हीच धोक्याची सूचना दिली होती की, ही बचत अल्पकाळाची आहे आणि तरतूद नसलेले देणे मागे साचत जाते. पाच वर्षांसाठी निवडून येणाऱ्याला अशी घोषणा फार स्वस्तात पडते. टाळ्या आज, बचत आज, देणे दुसऱ्याच्या कारकिर्दीत.

यावर तुमचे सहकारी हिमाचलचे उदाहरण देतील, आणि ते बरोबर आहेत. काँग्रेसने तिथे २०२२ च्या निवडणुकीत आश्वासन दिले, सत्ता आल्यावर जानेवारी २०२३ मध्ये निर्णय घेतला. म्हणजे असे आश्वासन पाळले जाऊ शकते. राजस्थान आणि छत्तीसगडनेही २०२२ मध्येच ती वाट धरली होती. पण गोष्ट तिथे संपली नाही. कर्मचाऱ्यांच्या नावे आधीच जमा असलेले पैसे राज्यांनी परत मागितले, तेव्हा पीएफआरडीए कायद्यात तशी तरतूद नाही असे उत्तर केंद्राने दिले. सप्टेंबर २०२४ मध्ये हिमाचलात पगार पाच तारखेला आणि पेन्शन दहा तारखेला झाली. त्या ओढाताणीला एकटी जुनी योजना कारण नव्हती, केंद्राकडून मिळणारे अनुदानही घटत होते. तरीही, नुसत्या पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसाने पहिल्या तारखेपासून दहा तारखेपर्यंत किराणावाल्याला काय सांगितले असेल, हा विचार माझ्यासारखीच्या मनात येतो.

आता तुमच्या घरातले भांडण. तुमचे पती अर्धे चुकत आहेत आणि अर्धे बरोबर आहेत, आणि दुर्दैवाने तुम्ही दोघे चुकलेल्या अर्ध्यावरच भांडत आहात. ‘आमच्या करातून’ हे म्हणणे तोकडे आहे. कर तुमच्याही पगारातून जातो, साबणाच्या वडीवरचा जीएसटी तर सगळेच भरतात, आणि ते ज्या योजनेचे सभासद आहेत त्या ईपीएसमध्येही केंद्र सरकार वेतनाच्या १.१६ टक्के घालते. पण संपावर गेलेल्यांची संख्या तेव्हा सुमारे १७ लाख सांगितली जात होती, आणि २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात सव्वा अकरा कोटी माणसे होती. उरलेल्यांनी ‘आमचे काय?’ असे विचारले, तर त्याला मत्सर म्हणून झटकता येणार नाही. ‘मग तुम्हीही सरकारी नोकरी करायची होती,’ हे वाक्य तुमच्याकडून गेले असेल असा माझा अंदाज आहे. आमच्याही घरी ते बोलले गेले होते. ते मागे घ्या.

सासऱ्यांचे १,८४० रुपये कुठून आले ते एकदा सर्वांनी बसून समजून घ्या. ईपीएस-९५ मध्ये मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनसाठी वळवले जातात, पण वेतनाची कमाल मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये आहे आणि त्याआधी ती याहूनही कमी होती. सूत्र साधे आहे: पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. पूर्ण ३५ वर्षे मर्यादेच्या वेतनावर काढली तरी ७,५०० रुपये होतात. किमान पेन्शन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली. यावर महागाई भत्ता नाही, त्यामुळे ज्या वर्षी माणूस निवृत्त होतो त्या वर्षाचा आकडा त्याच्या सोबत म्हातारा होत जातो. हा अन्याय खरा आहे. फक्त त्याचे दार दिल्लीत आहे. ती योजना केंद्राच्या अखत्यारीत येते आणि कोणताही ‘भावी आमदार’ ती बदलू शकत नाही. तुमच्या पतींनी हा प्रश्न लोकसभेच्या उमेदवाराला विचारावा, आणि त्या वेळी तुम्ही त्यांच्या शेजारी उभ्या राहा. बायकोची पेन्शन कमी झाल्याने वडिलांची वाढत नाही, हे त्यांना कळत नाही असे मला वाटत नाही. त्यांना बहुधा एवढेच हवे असावे की, तुमच्या संघटनेच्या व्यासपीठावरून त्या १,८४० रुपयांचाही कधी उच्चार व्हावा.

राज्याच्या हातात जे आहे त्यातले एक सांगते, कारण ते तुमच्या इच्छुकांना विचारता येईल. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधार वृद्धाला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. पण त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. महिन्याला १,७५० रुपये. तुमच्या इमारतीत जिने झाडायला येणाऱ्या बाई महिन्याला त्याहून अधिक मिळवत असतील, म्हणजे त्या अट ओलांडून ‘श्रीमंत’ ठरल्या. म्हातारपणाच्या आधाराबद्दल कळकळ असलेल्या उमेदवाराला ही २१,००० ची रेषा ठाऊक आहे का, हे पाहा. ठाऊक नसेल तर त्याला म्हातारपणाची कळकळ नसून संघटित मतांची आहे, असे समजायला मी तरी कचरणार नाही.

स्वार्थाबद्दल तुम्ही विचारलेत. कांद्याच्या भावावर मत देणाऱ्या शेतकऱ्याला आपण स्वार्थी म्हणत नाही, मग पेन्शनवर मत देणाऱ्या शिक्षिकेने अपराधी का वाटून घ्यावे? आपला हिताहिताचा विचार मतपेटीपर्यंत नेणे यात काहीच गैर नाही. मला खटकते ते इतकेच की, तुम्ही आपले हित फार अरुंद धरले आहे. तुम्ही पेन्शनीच्या वाटेवरची कर्मचारी आहात, तशाच पहाटे पाचला उठून टाकीत पाणी आले का ते पाहणाऱ्या रहिवासीही आहात. ज्या गृहस्थांनी पाच वर्षांत पाण्याची एक जोडणी मार्गी लावली नाही, तेही महापालिकेत नगरसेवकाच्या खरोखर हातात असलेले काम, त्यांनी आपल्या हातात नसलेली गोष्ट मिळवून देण्याचे सांगितले तर त्या दोन गोष्टी वेगळ्या खात्यांवर टाकू नका. ते एकाच माणसाचे काम आहे. अर्थात पाणी न मिळण्याची कारणे दुसरीही असू शकतात. त्यांनी पत्रे लिहिली होती का, सभागृहात विषय काढला होता का, हे सोसायटीच्या सचिवांना विचारून खात्री करून घ्या आणि मगच निवाडा करा.

बेइमानीचा प्रश्न मात्र मी चटकन निकालात काढते. सहकाऱ्यांबरोबर तुम्ही संपात बसलात, ते ऋण परस्परांचे होते आणि तिथेच फिटले. मत गुप्त असते ते याच कारणाने की ते कोणाला परतफेड म्हणून देता येऊ नये. संघटनेच्या कागदावर तुम्ही स्वतःचे मत काय ते लिहायचे की नाही हा तुमचा प्रश्न. पतींचे आणि सासऱ्यांचे मत लिहून देण्याचा अधिकार तुम्हाला नाही, आणि मागण्याचा संघटनेला नाही. ‘घरच्यांच्या मतांबद्दल मी लिहून देऊ शकत नाही,’ एवढे शांतपणे सांगा. शिवाय शिक्षकांना निवडणुकीचे काम लागतेच. केंद्रावर अधिकारी म्हणून नियुक्ती झाल्यास कोणा एकाच्या बाजूने काम करणे कायद्याने गुन्हा आहे. संकल्पाचा कागद आणि नियुक्तीचा आदेश एकाच पर्समध्ये असणे बरे नव्हे.

त्याऐवजी संघटनेला एक सुचवा. त्या गृहस्थांना, आणि त्यांच्या विरोधात जे कोणी उभे राहतील त्या सर्वांना, एकच पत्र पाठवून लेखी उत्तर मागा. कोणती योजना, कोणत्या तारखेनंतरच्या कोणत्या कर्मचाऱ्यांना, आधी कापलेल्या रकमेचे काय करणार, पुढे येणाऱ्या देण्यासाठी आज वेगळा निधी ठेवायला तयार आहात का, आणि पक्षाने विरुद्ध भूमिका घेतली तर सभागृहात काय कराल. निधीच्या प्रश्नावर अडखळेल तो उमेदवार निदान विचार करतो आहे असे समजा. जो सगळ्याला तडक ‘हो’ म्हणेल त्याच्याबद्दल मला अधिक शंका येईल. माझे स्वतःचे मत विचाराल तर निम्म्या वेतनाची हमी आणि त्यामागे साठत जाणारा खरा पैसा, अशी दोन्ही असलेली योजना मला माझ्या पेन्शनपेक्षाही बरी वाटते, कारण माझ्या पेन्शनमागे पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पाखेरीज काहीच नाही. हे आमच्या निवृत्तांच्या कट्ट्यावर बोलले की तलावपाळीला माझ्याशेजारची जागा रिकामी होते.

आता तुमचे ते शेवटचे वाक्य. पीपीएफ बंद केलेत, हे तुमच्या पत्रातले मला एकमेव घाईचे काम वाटते. उमेदवार निवडून येवो अथवा पडो, योजना जुनी येवो किंवा सुधारित राहो, या खात्यातला पैसा तुमचाच राहतो. वर्षाला किमान ५०० रुपये न भरल्याने खाते खंडित झाले असेल. ते चालू करायला चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे ५०० आणि दंडाचे ५० रुपये लागतात, म्हणजे दोन वर्षांचे १,१०० रुपये आणि चालू वर्षाचा हप्ता. पोस्टात किंवा बँकेत एक अर्ज आणि अर्ध्या तासाचे काम आहे.

त्याच आठवड्यात आपल्या प्रान खात्याचा, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेतल्या तुमच्या कायम क्रमांकाच्या खात्याचा, उतारा काढा आणि २००९ पासूनच्या वेतनचिठ्ठ्यांशी ओळीने ताडून पाहा. डीसीपीएसच्या काळातली कपात नव्या खात्यात पूर्ण उतरली आहे का, सरकारचा वाटा आणि व्याज दिसते का, हे शिक्षकांच्या बाबतीत अनेकदा जुळत नाही, आणि निवृत्तीच्या आदल्या वर्षी ते जुळवायला बसलेली माणसे मी टेबलापलीकडे पाहिली आहेत. तेव्हा चिठ्ठी देणारे मुख्याध्यापकही हयात नसतात. सुधारित योजनेबाबत तुमच्या शाळेला कोणता शासन निर्णय लागू आहे आणि तुमचा विकल्प नोंदला गेला आहे का, हे शिक्षकांचे पगार काढणाऱ्या वेतन पथकाकडून लेखी घ्या. ‘शालार्थमध्ये (पगाराच्या संगणक प्रणालीत) आहे’ या तोंडी उत्तरावर जाऊ नका. सेवापुस्तकातली नावे, जन्मतारीख, वारसनोंद पाहा. लग्नापूर्वी वारस म्हणून लावलेले वडिलांचे नाव तिथे अजून असेल, तर तुमच्या पतींचा राग कमी व्हायला एक कारण कमी पडते आहे.

आणि सासऱ्यांबद्दल तुम्ही लिहिले आहे की, दर वर्षी हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना बँकेत नेता तेव्हा यंत्रावर त्यांचा अंगठा उमटतच नाही, चार-चार वेळा पुसून ठेवावा लागतो. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यात त्यांची चूक नाही आणि त्यांनी खजील व्हायचे कारण नाही. ईपीएसच्या पेन्शनरांना हा दाखला नोव्हेंबरातच द्यावा लागतो असेही नाही. वर्षात केव्हाही दिला तरी तो पुढे १२ महिने चालतो. आता जीवन प्रमाण या डिजिटल हयातीच्या दाखल्यासाठी मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होते. येत्या रविवारी सकाळी तुमच्या पतींनाच ते करू द्या. खिडकीकडे तोंड करून बसवा, उजेड समोरून येऊ द्या, आणि फोन त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. माझ्या थोरल्या भावाचा तीनदा नाकारला गेला होता. चष्मा काढल्यावर चौथ्यांदा झाला.